घरची जागा आणि आकाशातील तार : हौशी रेडिओच्या अँटेनाचा एक अभ्यास

आपल्या वसतिगृहाच्या पूर्वेकडील खोलीत राहिलेल्यांना खिडकीपासून कडुनिंबापर्यंत गेलेली एक बारीक तांब्याची तार कदाचित आठवत असेल. जळालेल्या ट्रान्सफॉर्मरमधून उकलून काढलेली ती तार आम्ही दोघा-तिघांनी एका रविवारी बांधली होती. तिचे एक टोक ट्रान्झिस्टरच्या दांडीला गुंडाळले की रात्रीच्या बातम्या स्वच्छ ऐकू येत. अधीक्षक सरांनी ती पाहिली तेव्हा आता बोलणी खावी लागणार, असे आम्हांस वाटले. सरांनी एवढेच विचारले, "वीज चमकायला लागली तर ही काढणार कोण?" उत्तर आमच्याजवळ नव्हते. मग रोज संध्याकाळी ढग पाहून तार सोडण्याची पाळी ठरली. अँटेना या विषयातील माझा पहिला धडा तो, आणि आज हौशी रेडिओचा परवाना बाळगून पुष्कळ वर्षे झाल्यावरही त्या धड्याचे महत्त्व कमी झालेले नाही.

स्मरणिकेसाठी एखादा अभ्यासलेख द्यावा, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा हाच विषय निवडला. त्याला कारण आहे. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे या छंदाकडे वळू पाहतात त्यांच्याकडून एकच वाक्य वारंवार ऐकू येते : "आमच्याकडे अँटेना लावायला जागा नाही." कोणाचे घर सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर असते, कोणाचे भाड्याचे, कोणाचे पत्र्याचे. परदेशी पुस्तकांतील उंच मनोरे आणि मोकळी कुरणे पाहून ही मंडळी परीक्षेलाही न बसता परत फिरतात. त्यांचा हा समज चुकीचा आहे, असे मला निश्चितपणे म्हणावयाचे आहे. आपण कोणाशी बोलू शकतो, हे जागा ठरवते. बोलू शकतो की नाही, हे मात्र ती क्वचितच ठरवते.

प्रथम थोडक्यात परवान्याविषयी. हौशी रेडिओ केंद्र चालविण्यासाठी केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयातील बिनतारी नियोजन व समन्वय शाखेचा परवाना लागतो. त्यासाठी परीक्षा द्यावी लागते, आणि बारा वर्षे पूर्ण झालेले मूलही ती देऊ शकते. परवान्याबरोबर व्हीयू या अक्षरांनी सुरू होणारे संकेतनाम मिळते. राजीव गांधी यांनाही असा परवाना होता व त्यांचे संकेतनाम व्हीयू२आरजी असे होते. परवान्याविना प्रक्षेपण करणे हा गुन्हा आहे, त्यामुळे पुढील सर्व विवेचन परवानाधारकासाठी आहे असे समजावे.

तारेची लांबी आणि तिचा स्वभाव

रेडिओतरंगाची लांबी काढण्याची रीत सोपी आहे. ३०० या संख्येला मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागले की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. आपल्या देशातील हौशी मंडळींचा सर्वांत गजबजलेला पट्टा ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ हा होय. तेथील तरंगलांबी सुमारे ४२ मीटर येते, म्हणूनच त्याला ४० मीटरचा पट्टा म्हणतात. सर्वांत साधी अँटेना म्हणजे अर्ध्या तरंगलांबीची, मधोमध तोडून तेथे केबल जोडलेली तार. तिला डायपोल म्हणतात. तारेच्या टोकांशी होणाऱ्या परिणामामुळे तिची प्रत्यक्ष लांबी थोडी कमी धरावी लागते. त्यासाठी १४२.६ या संख्येला वारंवारतेने भागतात. ७.१ मेगाहर्ट्झसाठी उत्तर येते २०.१ मीटर, म्हणजे प्रत्येक बाजूस दहा मीटरहून किंचित अधिक. १४.२ मेगाहर्ट्झसाठी हीच अँटेना बरोबर निम्मी, एकूण दहा मीटरची होते.

वीस मीटर हा आकडा ऐकताच अनेकांचा धीर सुटतो. पण डायपोलचा स्वभाव समजून घेतला तर वाट निघते. प्रक्षेपण चालू असताना या तारेत सर्वांत जास्त विद्युतप्रवाह मध्यभागी असतो आणि टोकांशी तो शून्याजवळ येतो. तरंगांचे उत्सर्जन मुख्यतः प्रवाहातून होते. अर्थात तारेचा मधला भाग हा तिचा कष्टाळू भाग होय. तो जितका उंच आणि मोकळा तितके काम चांगले. टोकांकडचा एकतृतीयांश भाग खाली वाकविला, बाजूला वळविला, कठड्याच्या कडेने नेला, तरी नुकसान अल्पच होते. सरळ रेषेत वीस मीटर जागा हवीच, हा नियम कोणत्याही शास्त्रात नाही.

टोकांची एक गोष्ट मात्र लक्षात ठेवलीच पाहिजे. तेथे प्रवाह नसला तरी विद्युतदाब सर्वाधिक असतो. प्रक्षेपण चालू असताना त्यांना हात लागला तर कातडी भाजते. म्हणून टोके लहान मुलाच्या उडी मारलेल्या हातालाही लागणार नाहीत एवढ्या उंचीवर हवीत.

गच्चीचे गणित

आता प्रत्यक्ष उदाहरण. माझे घर एका चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. गच्ची बारा मीटर लांब व नऊ मीटर रुंद. कोणत्याही बाजूने पाहिले तरी वीस मीटरची तार बसत नाही. पण शाळेत शिकलेले पायथागोरसचे प्रमेय येथे उपयोगी पडते. १२ चा वर्ग १४४, ९ चा वर्ग ८१, बेरीज २२५, वर्गमूळ १५. म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कर्णाची लांबी पंधरा मीटर. गच्चीच्या मध्याजवळ पाण्याच्या टाकीचा ओटा आहे. त्याला पाच मीटर उंचीचा लोखंडी पाइप बांधला आणि तारेचा मध्य त्याच्या माथ्यावर नेला. दोन विरुद्ध कोपऱ्यांत अडीच मीटर उंचीचे बांबू उभे केले. माथ्यापासून बांबूच्या टोकापर्यंत आडवे अंतर साडेसात मीटर व उतार अडीच मीटर, म्हणून तिरकी लांबी ७.९ मीटर. प्रत्येक बाजूस तार १०.०५ मीटर हवी होती. उरलेली दोन मीटरच्या आसपास तार कोपऱ्यावर वळवून त्याच उंचीने कठड्याला समांतर नेली. अशा उताराच्या डायपोलला उलटा व्ही म्हणतात. त्याचे दोन फायदे आहेत. एकच उंच खांब पुरतो, आणि मध्यबिंदूचा अवरोध सरळ डायपोलच्या ७३ ओमऐवजी ५० ओमच्या जवळ येतो, जो आपल्या केबलला मानवतो. दोन बाजूंमधील कोन ९० अंशांपेक्षा कमी होऊ देऊ नये, एवढे पथ्य पाळावे.

तारेसाठी विशेष काही आणावे लागले नाही. घरात वीजजोडणीसाठी वापरतात ती दीड चौरस मिलिमीटरची प्लॅस्टिकचे आवरण असलेली तांब्याची तार घेतली. येथे माझी एक चूक झाली. सूत्र उघड्या तारेचे आहे. आवरण असलेल्या तारेत तरंग किंचित मंद गतीने जातो, त्यामुळे ती काही टक्के आखूड लागते. सूत्राप्रमाणे २०.१ मीटर तार लावल्यावर मापकावर सर्वांत चांगला बिंदू ७.१ ऐवजी ६.८५ मेगाहर्ट्झला आला. अशा वेळी घाबरण्याचे कारण नसते. २०.१ ला ६.८५ ने गुणावे आणि ७.१ ने भागावे. उत्तर येते १९.४ मीटर. म्हणजे दोन्ही बाजूंनी ३५-३५ सेंटिमीटर कमी करणे आले. तार कापू नये. टोक मागे दुमडून स्वतःवरच पिळावे, म्हणजे पुढे कधी लांबी वाढवावी लागली तर हाताशी राहते. लांब तार आखूड करता येते, तोडलेली तार वाढविताना सांधा येतो, आणि सांधा पावसाळ्यात गंजतो.

मापक म्हणजे काय, तेही सांगतो. प्रक्षेपकातून निघालेली शक्ती अँटेनाने पूर्ण स्वीकारली नाही तर काही भाग परत फिरतो. किती परत फिरतो, हे एसडब्ल्यूआर या गुणोत्तरावरून कळते. एकास एक असेल तर काहीच परत येत नाही. दोनास एक असेल तर सुमारे ११ टक्के, तीनास एक असेल तर २५ टक्के शक्ती परतते. नवशिके या आकड्याच्या फार आहारी जातात. दीडास एक आलेले गुणोत्तर एकास एकवर आणण्यासाठी दिवसभर गच्चीवर उन्हात उभे राहणारे मित्र मी पाहिले आहेत, आणि त्यांतील एक मी स्वतः होतो. दीडास एकमध्ये केवळ ४ टक्के शक्ती परतते. समोरच्या माणसाच्या कानाला तो फरक कळतही नाही. चांगला एसडब्ल्यूआर म्हणजे चांगली अँटेना नव्हे. ५० ओमचा एक रोधक केबलच्या टोकाला लावला तरी गुणोत्तर उत्तम येते, आणि प्रक्षेपण मात्र कोठेच जात नाही.

केबलच्या निवडीत वारंवारता पाहावी. सर्वत्र मिळणारी बारीक आरजी-५८ केबल ७ मेगाहर्ट्झला पंधरा मीटर लांब असली तरी तोटा नगण्य होतो. तीच केबल १४५ मेगाहर्ट्झला वापरली तर पंधरा मीटरमध्ये जवळजवळ निम्मी शक्ती केबलच खाते. दूरदर्शनच्या डिशसाठी लागते ती आरजी-६ केबल ७५ ओमची असली तरी घरगुती कामाला चालते. तिची बाहेरची जाळी बहुधा ॲल्युमिनियमची असते आणि तिला डाग देता येत नाही, म्हणून दाबून बसविण्याचे कनेक्टर घ्यावेत.

शेजार

तांत्रिक बाजू एका सुट्टीत उरकली. माणसांची बाजू उरकायला चार महिने लागले. परवाना सरकारचा असला तरी गच्ची सर्वांची असते, हे मी प्रारंभी विसरलो. कोणालाही न विचारता पाइप उभा केला आणि आठवड्याच्या आत सोसायटीच्या समितीची चिठ्ठी आली. तक्रारी तीन होत्या. पाइप पडेल, टीव्ही बिघडेल, आणि चौथ्या मजल्यावरील आजींची तक्रार अशी, की या तारेतून निघणाऱ्या लहरींनी त्यांच्या नातवाला अपाय होईल. शिवाय चैत्र-वैशाखात पापड-कुरडया वाळत घालण्याची जागा गेली, हे त्यांनी लिहिले नव्हते, पण जिन्यात भेटल्यावर स्पष्ट सांगितले.

समितीतील एका सद्गृहस्थांनी मला खासगीत सुचविले, "म्हाताऱ्या माणसाचं काय मनावर घेता?" मला ते पटले नाही. आजींची शंका हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. ज्याच्या डोक्यावर तार बांधली आहे त्याला विचारण्याचा अधिकार आहेच. मी त्यांच्याकडे गेलो आणि जे खरे ते सांगितले. या लहरी क्ष-किरणांच्या जातीच्या नाहीत. त्या अणू फोडीत नाहीत, फार जवळ आणि फार शक्तीने आल्या तर केवळ उष्णता निर्माण करतात. माझा प्रक्षेपक दहा वॉटचा आहे, मी बोलतो तेवढाच वेळ तो चालतो, ऐकताना तार काहीही बाहेर टाकीत नाही. तरीही गच्चीवर कोणी असेल तेव्हा मी प्रक्षेपण करणार नाही, आणि टोके हाताला लागणार नाहीत. आजी म्हणाल्या, "एवढं आधीच येऊन सांगितलं असतंत तर मी कागद कशाला केला असता?" या प्रश्नालाही माझ्याजवळ उत्तर नव्हते.

टीव्हीची तक्रार खरी निघाली, पण ती टीव्हीची नव्हती. मी बोलू लागलो की तळमजल्यावरील एका घराची दारावरची इलेक्ट्रॉनिक घंटा आपोआप वाजे, आणि काकू दार उघडून रिकाम्या जिन्याकडे पाहत. कारण असे, की केबलच्या बाहेरील जाळीवरून काही प्रवाह परत खाली येत होता आणि केबलच अँटेनासारखी वागत होती. उपाय स्वस्त आहे. अँटेनाच्या मध्यबिंदूपाशीच सुमारे साडेचार मीटर केबलचे दहा वेढे गुंडाळून ते घट्ट बांधावेत. या वेटोळ्याने जाळीवरील प्रवाह अडतो. घंटा थांबली. काकूंना आजही ते वेटोळे म्हणजे माझ्या घरची शिल्लक केबल वाटते.

पाइपच्या तक्रारीवर मी त्याला तीन दिशांना नायलॉनच्या दोरांचे ताण दिले आणि समितीला लेखी अर्ज दिला. त्यात अँटेनाचे रेखाचित्र, परवान्याची प्रत, आणि गच्चीच्या दुरुस्तीच्या वेळी स्वखर्चाने सर्व उतरवून घेण्याची हमी होती. आपल्यापैकी कोणी या वाटेने जाणार असेल तर हा अर्ज पाइप उभा करण्यापूर्वी द्यावा. माझ्याप्रमाणे नंतर देऊ नये.

गच्ची मिळालीच नाही तर सज्जा उरतो. तेथे १४ मेगाहर्ट्झसाठी दहा मीटरची एकच तार टोकाकडून जोडून, सज्जातून समोरच्या झाडाकडे वा खाली तिरकी सोडता येते. टोकाशी अवरोध हजारो ओमचा असल्याने ४९ास १ या प्रमाणाचा छोटा ट्रान्सफॉर्मर मध्ये लागतो. तेवढीही मोकळीक नसेल तर सुमारे एक मीटर व्यासाचे तांब्याच्या नळीचे वर्तुळ आणि बदलता कॅपॅसिटर यांची चक्राकार अँटेना करतात. तिच्या कॅपॅसिटरवर दहा वॉटलाही हजार व्होल्टच्या घरात दाब येतो, आणि वारंवारता थोडी बदलली तरी तिला पुन्हा जुळवावे लागते. लोखंडी ग्रिल आणि सिमेंटमधील सळ्या तरंगांना अडवतात, म्हणून दोन्ही प्रकार ग्रिलच्या शक्य तितके बाहेर असावेत. हे तडजोडीचे प्रकार आहेत, त्यांच्याकडून गच्चीची अपेक्षा करू नये.

शहरातील घरात तारेपेक्षाही मोठी अडचण असते ती गोंगाटाची. एलईडी दिवे, मोबाईलचे चार्जर, इन्व्हर्टर यांतून निघणारी खरखर दूरच्या क्षीण आवाजाला गिळून टाकते. दोष आपल्याच घरचा आहे काय, हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. रेडिओ बॅटरीवर चालवावा आणि घराचा मुख्य स्विच बंद करावा. खरखर थांबली तर चोर घरातच आहे. मग एकेक बटण सुरू करीत त्याला पकडावे. माझ्याकडे तो स्वयंपाकघरातील एका स्वस्त दिव्यात सापडला.

पत्र्याचे घर, बैठे घर

आता ज्यांच्याविषयी मला विशेष लिहावयाचे आहे त्यांच्याकडे वळतो. आपल्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांची घरे पत्र्याची आहेत, आणि ती सांगताना त्यांचा आवाज खाली जातो. १४५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे हातातील छोट्या संचांच्या पट्ट्यात, पत्र्याचे छप्पर ही उणीव नसून अँटेनाचा अर्धा भाग आहे. तेथे पाव तरंगलांबी सुमारे ४९ सेंटिमीटर होते. एवढीच उभी काडी अँटेना म्हणून पुरते, पण तिच्याखाली धातूचा विस्तीर्ण पृष्ठभाग लागतो. तो सर्व दिशांना किमान अर्धा मीटर असावा. स्लॅबच्या घरातील माणसाला तो कृत्रिमरीत्या तयार करावा लागतो, पत्र्याच्या घराला तो बांधतानाच मिळालेला असतो. पत्र्याला भोक पाडू नये, पावसाळ्यात ते गळेल. मोटारीच्या टपावर बसवितात तसा लोहचुंबकाचा पाया घ्यावा आणि पत्र्याच्या मध्याजवळ ठेवावा. लोखंडी पत्र्यालाच तो चिकटेल. सिमेंटच्या पत्र्यावर चिकटणार नाही आणि सिमेंटचा पत्रा विजेचा वाहकही नाही. तेथे बांबूच्या टोकावर ४९ सेंटिमीटरची उभी काडी आणि तिच्या बुडाशी सुमारे ५२ सेंटिमीटरच्या चार काड्या ४५ अंशांनी खाली झुकवून लावाव्यात. काड्या आडव्या ठेवल्या तर अवरोध ३६ ओमच्या आसपास राहतो, झुकविल्या की तो ५० जवळ येतो.

या पट्ट्यात अंतर उंचीवर अवलंबून असते. दोन्ही अँटेनांच्या मीटरमधील उंचीची वर्गमुळे काढून त्यांची बेरीज ४.१२ ने गुणली की अंदाजे किलोमीटर मिळतात. सहा मीटरवरील काडी आणि भोवतालच्या प्रदेशापेक्षा शंभर मीटर उंच टेकडीवरील रिपीटर यांमध्ये हे अंतर सुमारे ५१ किलोमीटर येते. मध्ये डोंगर आडवा आला तर अर्थातच हिशेब कोलमडतो.

गावाकडील बैठ्या घराची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. तेथे अंगण असते, वीस मीटर तार सहज बसते, पण उंची नसते. पाच-सहा मीटरच्या वर तार जात नाही. पुस्तके सांगतात की ४० मीटरच्या पट्ट्यावर डायपोल अर्ध्या तरंगलांबीएवढा, म्हणजे वीसेक मीटर उंच असावा. हे खरे आहे, पण ते हजारो किलोमीटर दूर बोलण्यासाठी. जमिनीपासून ३०० किलोमीटरच्या आसपास असलेल्या आयनांबराच्या थरावरून आपले तरंग परावर्तित होतात. उंच डायपोल आपली शक्ती क्षितिजाकडे तिरकी पाठवितो. पाव तरंगलांबीपेक्षा खाली असलेला डायपोल ती जवळजवळ सरळ डोक्यावर पाठवितो आणि ती भोवतालच्या काहीशे किलोमीटरच्या टापूत पावसासारखी परत पडते.

हे कोणाच्या उपयोगाचे, ते एका खऱ्या अंतरावर तपासू. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. त्या वेळी हौशी रेडिओचालकांनी संदेशवहनाचे काम केले होते. किल्लारी ते पुणे हे सरळ रेषेतील अंतर सुमारे ३०० किलोमीटर आहे. हातातील संच तेथवर पोहोचणे शक्य नाही. तरंग मधल्या बिंदूवर, म्हणजे १५० किलोमीटरवर, ३०० किलोमीटर उंचीला परावर्तित व्हावयाचा असेल तर तो जमिनीशी सुमारे ६३ अंशांच्या कोनात निघाला पाहिजे. जमीन आदर्श परावर्तक मानून हिशेब केला तर वीस मीटर उंच डायपोलची त्या कोनातील शक्ती त्याच्या कमाल शक्तीच्या जेमतेम पाचवा हिस्सा भरते. दहा मीटर किंवा त्याहून खाली बांधलेला डायपोल त्या कोनात जवळजवळ पूर्ण भरात असतो. प्रत्यक्ष जमीन आदर्श नसते आणि फार खालची तार काही शक्ती मातीत दवडते, हे मान्य. तरीही पुण्याला निरोप पोहोचविण्यासाठी अंगणातील दोन बांबूंवरची तार ही मनोऱ्यावरील तारेपेक्षा सरस ठरते. अंगणवाल्याने ज्याला दारिद्र्य समजून लपविले तीच त्याची सोय असते.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. सरळ वर गेलेला तरंग परत यावयाचा तर आयनांबर पुरेसे दाट असावे लागते. दिवसा आपल्या अक्षांशावर ७ मेगाहर्ट्झला ते बहुधा असते. सूर्यावरील डागांचे चक्र सुमारे ११ वर्षांचे आहे. डाग कमी असलेल्या वर्षांत उत्तररात्री आयनांबर विरळ होते आणि जवळची ठाणी ऐकू येईनाशी होतात, दूरची मात्र येत राहतात. भर दुपारी खालच्या थरात तरंगांचे शोषण वाढते. म्हणून सकाळ आणि सायंकाळ या वेळा सर्वांत चांगल्या.

डिसेंबर २००४ मध्ये दिल्लीच्या भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी रेडिओच्या मोहिमेसाठी अंदमानात पोर्ट ब्लेअरला होते. २६ तारखेला त्सुनामी आली, दूरध्वनी बंद पडले, आणि जगाशी छंदापुरते बोलण्यासाठी नेलेली साधने लोकांच्या ख्यालीखुशालीचे निरोप पाठविण्याच्या कामी आली. साधने आणि ती चालविणारी माणसे त्या दिवशी तेथे हजर होती, म्हणून हे घडले. संकटानंतर तार विकत आणायला जाता येत नाही. साधने महाग असतात, हा समजही अर्धाच खरा आहे. हैदराबादचे अशर फरहान यांनी बिटेक्स नावाचा प्रक्षेपक-ग्राहक बाजारात सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून रचला आणि त्याचे आराखडे सर्वांना खुले केले. पाच-सहा वॉटच्या तशा संचावरून अंगणातील तारेने शेजारच्या राज्यांशी बोलणारी मुले मला ठाऊक आहेत.

जे करू नये ते

विजेच्या खांबांवरील तारांजवळ अँटेना बांधू नये. आपला पाइप वा तार तुटून कोणत्याही दिशेने पडली तरी त्या तारांना स्पर्श होणार नाही, एवढे अंतर हवे. दोरीला दगड बांधून ती झाडावर फेकण्याची पद्धत आहे. फेकण्यापूर्वी झाडापलीकडे काय आहे ते चालत जाऊन पाहावे. ११ हजार व्होल्टची वाहिनी झाडाच्या पालवीत दिसत नाही. धातूचा पाइप एकट्याने उभा करू नये, आणि वाऱ्याच्या दिवशी मुळीच करू नये.

विजेच्या बाबतीत कोणतेही यंत्र थेट पडणारी वीज सहन करीत नाही. जमिनीत स्वतंत्र सळई गाडून केबलची जाळी तिला जोडावी आणि ती सळई घराच्या अर्थिंगशीही जोडलेली असावी. पण खरा उपाय अधीक्षक सरांनी सुचविला तोच. गडगडाट ऐकू येण्यापूर्वीच केबल संचापासून सोडवून खिडकीबाहेर ठेवावी. गडगडाट ऐकू आल्यावर ती सोडवायला गच्चीवर किंवा अंगणात जाऊ नये. मराठवाडा-विदर्भात वळवाच्या दिवसांत दुपारनंतर ढग किती वेगाने भरून येतात, हे तेथील वाचकांना मी सांगावयास नको. कामावर जाताना केबल सोडूनच जावे.

संक्रांतीच्या सुमारास तारेवर पतंगांचा मांजा अडकतो. तो ओढून काढू नये, तार खाली घेऊन काढावा. यासाठी खांबाच्या माथ्यावर छोटी कप्पी बसविलेली बरी. नायलॉनची दोरी दोन-तीन उन्हाळ्यांत भुसभुशीत होते. बाहेरून रंग टिकून असतो आणि आतून धागे तुटलेले असतात, म्हणून दरवर्षी पावसाळ्यापूर्वी ती हाताने वाकवून पाहावी. सांध्यांवरील चिकटपट्टी काढून हिरवा गंज आहे का, तेही बघावे.

माझी ही तपासणी मे महिन्याच्या अखेरीस होते. यंदा दोर बदलण्यासाठी तार खाली घेतली तेव्हा आजी कुरडयांची शेवटची चादर उचलत होत्या. कोपऱ्यातील बांबू त्यांनी हलवून पाहिला आणि म्हणाल्या, "हा जरा अलीकडे घ्या. पुढल्या वर्षी इथपर्यंत सावली येते माझ्या पापडांवर." बांबू दीड हात अलीकडे घेतला. त्यामुळे कठड्यालगतची तार थोडी वाढवावी लागली. दुमडून ठेवलेले टोक उपयोगी पडले.